जाणत्याचे ऋण

एखादी गोष्ट एका माणसाला ठाऊक असली, म्हणजे ती मनुष्यजातीला ठाऊक आहे असे म्हणता येईल काय? प्रश्न वरवर पाहता शब्दांचा खेळ वाटेल. दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकासमोर असले कोडे टाकणे फारसे रसिकपणाचे नाही, हेही मला कळते. पण हा प्रश्न कोणा तत्त्वज्ञाने आरामखुर्चीत बसून काढलेला नाही. तो एका कासवाने घातला आहे. आणि त्याच्या उत्तरावर त्या कासवाची सबंध जात जगणार की नाहीशी होणार, हे एकेकाळी अवलंबून होते.

मेक्सिकोच्या आखातात एक लहान चणीचे समुद्रकासव आढळते. हार्वर्डच्या सॅम्युएल गार्मन या प्राणिशास्त्रज्ञाने १८८० साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नमुना धाडला होता फ्लोरिडातील की वेस्टच्या रिचर्ड केंप नावाच्या गृहस्थाने. म्हणून त्या जातीला त्याचेच नाव मिळाले. तेव्हापासून केंपचे रिडले कासव ग्रंथांत दाखल झाले. नाव होते, वर्णन होते, संग्रहालयात कवच होते. नव्हते ते एवढेच, की हे कासव अंडी घालायला जाते कोठे? समुद्रकासवाचा सारा जन्म पाण्यात जातो; पण अंडी घालण्यासाठी मादीला वाळूवर यावेच लागते. केंपच्या कासवाची मादी अशी कोठे आलेली कोणा शास्त्रज्ञाने पाहिली नव्हती. फ्लोरिडाचे कोळी तर म्हणत, हे कासव अंडी घालतच नाही. दोन निराळ्या जातींच्या कासवांची ती मिश्र संतती आहे.

आर्ची कार हे फ्लोरिडा विद्यापीठातले प्राध्यापक. समुद्रकासवांचा व्यासंग करण्यात त्यांनी जन्म घालवला. या कासवाच्या जन्मभूमीचा शोध त्यांनी वर्षानुवर्षे घेतला. ग्रंथ धुंडाळले, किनारे पालथे घातले, दर्यावर्दी माणसांना विचारून विचारून भंडावून सोडले. १९५६ साली त्यांचे ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक आले, तेव्हाही ते कोडे कोडेच होते.

आणि उत्तर? उत्तर त्या वेळी नऊ वर्षांचे झाले होते. १८ जून १९४७ रोजी आंद्रेस हेरेरा नावाचा एक मेक्सिकन अभियंता आपले लहान विमान घेऊन तामौलिपास प्रांतातील रांचो नुएव्हो या गावाजवळच्या किनाऱ्यावर उतरला. भर दिवसा सारा किनारा कासवांनी भरून गेला होता. पाय ठेवायला जागा शोधावी लागावी, अशी दाटी. हेरेराजवळ चलच्चित्राचा कॅमेरा होता. त्याने ते दृश्य टिपले आणि तो घरी गेला. पुढे तज्ज्ञांनी त्या चित्रफितीवरून अंदाज बांधला, तो त्या एका दिवसात सुमारे ४०,००० माद्यांचा. पण हा अंदाज बांधायला तज्ज्ञांना ती चित्रफीत दिसावी लागली. आणि ती दिसली १९६१ साली, हेन्री हिल्डब्रँड या शास्त्रज्ञाने ती मिळवून विद्वानांच्या सभेत दाखवली तेव्हा. मध्ये चौदा वर्षे गेली होती.

ती चौदा वर्षे नुसती गेली असती, तर हा एक मौजेचा किस्सा झाला असता. पण त्या काळात किनाऱ्यावरची अंडी पोत्यांनी भरून बाजारात जात होती, आणि पुढे कोळंबीच्या जाळ्यांत मोठी कासवेही गुदमरून मरू लागली. मेक्सिकोच्या सरकारने १९६६ साली किनाऱ्यावर पहारा बसवला, तोवर फार उशीर झाला होता. १९८५ साली सबंध हंगामात मोजलेली घरटी भरली अवघी ७०२. पुढे मेक्सिको आणि अमेरिका या दोन्ही देशांनी मनापासून प्रयत्न केले, संख्या पुन्हा वाढली. परंतु चाळीस हजारांचा तो दिवस काही परत उगवला नाही.

आता यात दोष कोणाला द्यावा? हेरेराला? त्याने काही लपवले नव्हते. एक नवल पाहिले, हौसेने टिपले, इष्टमित्रांना दाखवले असेल. अमेरिकेत कोणी एक प्राध्यापक याच गोष्टीसाठी तळमळत आहे, हे त्याला कोण सांगणार? मग दोष कार यांचा? त्यांनी तर शोधण्यात कसूर केली नव्हती. रांचो नुएव्होच्या गावकऱ्यांचा? त्यांच्या लेखी ती बातमीच नव्हती. दरवर्षी पाऊस येतो तशी दरवर्षी कासवे येतात. यात कळवायचे ते काय? प्रत्येकाला निरनिराळे निर्दोष ठरवता येते, आणि तरीही जे घडले ते अनर्थच राहते. ज्यांना ठाऊक होते त्यांना राखायचे नव्हते, आणि ज्यांना राखायचे होते त्यांना ठाऊक नव्हते. या दोघांची गाठ पडावी, अशी जागा मध्ये नव्हती. ग्रंथालय म्हणून ज्याला आपण म्हणतो, ते माझ्या मते अशा गाठीभेटींचे ठिकाण आहे. पुस्तकांची कपाटे हे त्याचे शरीर. पाहिलेल्याची आणि न पाहिलेल्याची भेट घडवणे हा त्याचा धर्म. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडील आद्य आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यांत वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, या मागणीच्या शेजारीच पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे, ही मागणी आहे. हेरेराच्या चित्रफितीला चौदा वर्षे वाचक मिळाला नाही, असेच म्हणायचे.

हे सारे दूरच्या समुद्रावरचे, असे म्हणून कोणी पान उलटील, म्हणून आपल्या घरचे उदाहरण देतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर गहिरमाथा नावाचे स्थान आहे. ऑलिव्ह रिडले या जातीची कासवे तेथे हजारोंनी, कधी लाखोंनी अंडी घालण्यास येतात. जगातील अशा मोठ्या स्थानांत त्याची गणना होते. शास्त्रज्ञांच्या जगाला त्याचा पत्ता लागला १९७४ साली. त्यापूर्वी काय तेथे कासवे येत नव्हती? येत होती, आणि नावा भरभरून अंडी विक्रीला जात होती. अंडी उचलण्याचे परवाने रीतसर दिले जात. म्हणजे दप्तरात नोंद होती! परवान्याच्या कागदावर, पैशाच्या रकान्यात गहिरमाथ्याचे कासव कधीच पोहोचले होते. प्राणिशास्त्राच्या ग्रंथात पोहोचायला मात्र त्याला १९७४ साल उजाडावे लागले. त्याच ओडिशात ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळचे दुसरे मोठे स्थान शास्त्रज्ञांना कळले, ते आणखी वीस वर्षांनी, १९९४ साली. तेथील कोळ्यांच्या कितीतरी पिढ्या ते पाहत आल्या असतील.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की ग्रंथ व्यर्थ, किनाऱ्यावरच्या अडाण्याचे ज्ञान तेवढे खरे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. अडाण्याला ठाऊक होते हे खरे. पण त्याच अडाण्याला हे ठाऊक नव्हते, की आपल्या किनाऱ्यावर येणारे कासव इतर किनाऱ्यांवर झपाट्याने कमी होत आहे. आपल्या दारातली संपत्ती ही जगातली शेवटची ठेव असू शकते, हे दारात उभे राहून कळत नाही. त्यासाठी हजार दारांच्या नोंदी एकत्र याव्या लागतात. त्या एकत्र आणण्याचे काम ग्रंथच करू शकतो.

तेव्हा समजा, कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात, एका मुलाने समुद्रकासवांचा शोध घ्यायचे ठरवले. त्याला काय सापडेल? प्रथम सापडेल ते आपले पुरातन कासव. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले, अवयव आवरून घेणारे, स्थितप्रज्ञाला उपमा देणारे. मग दशावतारांतले, पाठीवर मंदराचल तोलणारे. मग संतांच्या वाणीतली ती कासवी. पैलतीरावर असूनही नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करणारी. देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला नमस्कार केल्यावाचून आपण पुढे जात नाही. इतके कासव आपल्या ग्रंथांत आणि आचारात भरले आहे; पण त्यातले समुद्रातले कोणते? समुद्रकासवाला आपली मान आणि वल्ह्यांसारखे हातपाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. गीतेतले कासव तळ्याकाठचे असणार. आणि दृष्टीने पिले पोसणारी कासवी? समुद्रकासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते, खळगा बुजवते आणि पाण्यात निघून जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, तेव्हा आई तेथे नसते. ती त्यांना कधी ओळखतही नाही.

यामुळे संतांची वाणी खोटी ठरत नाही. त्यांना प्राणिशास्त्र सांगायचे नव्हते, वात्सल्य सांगायचे होते. पण शोध घेणाऱ्याला हा विवेक करता आला पाहिजे: कोणता ग्रंथ कशासाठी साक्षी म्हणून बोलवायचा. हा विवेक मला नुसता बुद्धीचा वाटत नाही. तो प्रामाणिकपणाचा आहे. आवडते वाक्य आहे म्हणून त्याला नको ती साक्ष द्यायला लावणे, ही एक प्रकारची खोटी साक्षच नव्हे काय?

त्या मुलाने पुढे जावे. मराठी विश्वकोशात ‘कासव’ ही नोंद आहे. तेथून सुरुवात करावी. दशांश वर्गीकरणाप्रमाणे लावलेले ग्रंथालय जवळ असेल, तर ५९७.९२ या अंकापाशी कासवांची पुस्तके असतात. माल्कम स्मिथ यांचा ब्रिटिश इंडियाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरील ग्रंथ १९३१ चा, जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरील पुस्तक १९८३ चे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली आणि तिचे नियतकालिक १८८६ पासून. त्याचे जुने खंड आता जैवविविधतेच्या जागतिक अंकीय ग्रंथालयात घरबसल्या उघडता येतात. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८४ साली समुद्रकासवांच्या रक्षणावरील परिषदेचा एक खंड काढला. तोही तिच्या संग्रहात वाचता येतो. हिंदी महासागरातल्या कासवांना वाहिलेले एक वार्तापत्र २००५ पासून निघू लागले. आमच्या पिढीला जे मुंबईस जाऊन, ओळखीची चिठ्ठी मिळवून पाहावे लागे, ते आज खेड्यातल्या मुलाच्या हातातल्या दूरध्वनीत आहे.

मात्र दार उघडायची किल्ली लागते, आणि ती किल्ली म्हणजे नाव. नाव चुकले की ग्रंथालय मुके होते. आपल्या देशातल्या जुन्या लेखांत ‘लॉगरहेड’ या नावाने नोंदलेली पुष्कळ कासवे खरोखर ऑलिव्ह रिडले होती, हे फार उशिरा लक्षात आले. जो आज फक्त ‘ऑलिव्ह रिडले’ हे नाव धरून शोधील, त्याला त्या जुन्या नोंदी सापडणारच नाहीत. आणि जो जुन्या नोंदी डोळे मिटून घेईल, तो नसलेली लॉगरहेड कासवे मोजीत बसेल. म्हणून जुनी चूकही जपून ठेवावी लागते, आणि तिच्या शेजारी दुरुस्तीही. चांगले ग्रंथालय चुका फाडून टाकत नाही. मला या गोष्टीत एक मोठे शील दिसते. घराघरांतूनही ते असते तर किती बरे झाले असते!

मी शाळामास्तर आहे. हल्ली मुलांना ‘प्रकल्प’ करावे लागतात. कासवावरचा प्रकल्प मागितला, की दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांत तीच दहा वाक्ये आणि तेच रंगीत चित्र येते. ‘हे कोठून घेतलेस?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले: ‘मिळाले.’ जणू आकाशातून पडले! वाक्य मिळत नसते. ते कोणीतरी ओल्या वाळूत रात्रभर बसून, डास मारीत, मोजून लिहिलेले असते. त्याचे नाव न सांगता ते आपल्या वहीत घेणे ही मुलांची लबाडी आहे, असे मी म्हणत नाही; त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, की ज्ञान घेतल्याने ऋण होते. आपल्या परंपरेत मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानले, आणि त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे सांगितले. पण अध्ययन म्हणजे नुसते घेणे नव्हे. घेतले ते कोणाकडून, हे सांगणे आणि आपण पाहिले ते पुढच्याला सापडेल असे ठेवणे, ही त्या फेडीची दोन अंगे आहेत.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ज्ञान पुढे ठेवल्याने नेहमी कल्याणच होते काय? १५०३ साली कोलंबसाच्या जहाजांना कॅरिबियन समुद्रात दोन लहान बेटे दिसली. भोवताली इतकी कासवे होती, की त्यांना कासवांच्याच नावाने नोंदले गेले. ती आजची केमन बेटे. ही नोंद काही चौदा वर्षे दडून राहिली नाही. ती नकाशांवर चढली, खलाशांच्या तोंडी झाली, आणि जहाजामागून जहाज तेथे ताज्या मांसासाठी वळू लागले. अठरावे शतक संपता संपता तेथली कासवे जवळजवळ संपली, आणि तेथील कोळ्यांना कासवांसाठी क्यूबाच्या आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यापर्यंत जावे लागले. रांचो नुएव्होचे कासव न कळल्यामुळे मेले, केमनचे कळल्यामुळे. मग जाणत्याने बोलावे की गप्प राहावे?

या प्रश्नाला सरळसोट उत्तर नाही, हे मी मान्य करतो. कित्येक दुर्मिळ प्राण्यांची नेमकी ठिकाणे शास्त्रज्ञ आजही मुद्दाम छापत नाहीत. आणि ते योग्यच करतात. पण मौनाने चोराला अडवता येते, ही समजूत बहुधा भ्रामक असते. चोराला आधीच ठाऊक असते. अंडी उचलणाऱ्याला वाळूवरची पावले वाचायला ग्रंथ लागत नाही. मौनामुळे अज्ञानात राहतो तो राखणदार. म्हणून माझ्या मते प्रश्न बोलण्याचा की गप्प राहण्याचा, असा नाहीच. आपण सांगितले त्याबरोबर राखण्याची जबाबदारीही दिली की नाही, हा आहे. कोलंबसाच्या नोंदीने ठिकाण दिले, कर्तव्य दिले नाही.

कर्तव्यासहित दिलेले ज्ञान कसे दिसते, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास आहे. नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आपण त्याला ओळखतो. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेची माणसे समुद्री गरुडांची पाहणी करीत असता तेथे त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी पळवली जात होती. संस्थेने ठिकाण गुप्त ठेवले नाही. गावालाच कामात घेतले. पहाटे किनारा चालून पावले ओळखणारी जी माणसे गावात होती, त्यांचेच ज्ञान राखणीला लागले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिले समुद्राकडे जाताना पाहायला लोक दूरदूरून येऊ लागले. ज्याला वाट ठाऊक त्याच्याच हाती कंदील दिला, एवढेच घडले. पण त्याने किती फरक पडला!

कार यांनीही हेच ओळखले होते. १९५५ पासून कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर ते कासवांच्या वल्ह्याला धातूचे लहान पट्टे लावू लागले. पट्ट्यावर क्रमांक असे, आणि तो परत धाडणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस. शेकडो मैलांवरच्या अनोळखी कोळ्यांकडून मग पट्टे येऊ लागले, सोबत मोडक्यातोडक्या भाषेत पत्रे. कोणत्या दिवशी, कोठे, कशा जाळ्यात. त्या पत्रांवाचून कासवे कोठून कोठे जातात हे विज्ञानाला कळलेच नसते. ज्यांना कोणी विद्वान म्हटले नव्हते, ते त्या शास्त्राचे सहलेखक झाले.

आणि त्याच साखळीची एक कडी अगदी अलीकडे आपल्या अंगणात येऊन पडली. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यावर पट्टा होता. क्रमांक ताडून पाहिला, तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. पूर्वेच्या समुद्रातले कासव सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घालून पश्चिमेच्या वाळूत आले होते. तो क्रमांक बोलू शकला कशामुळे? चार वर्षांपूर्वी कोणीतरी वहीत तो नीट लिहिला होता. आणि गुहागरला कोणीतरी तो दिसताक्षणी ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिला नाही, त्याची वही कोठे असेल याचा शोध घेतला. हेरेरा आणि कार यांची गाठ पडायला चौदा वर्षे लागली. गुहागर आणि ओडिशा यांची गाठ पडली, ती दोन साध्या कामांमुळे: एकाने लिहून ठेवले, दुसऱ्याने विचारले.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. एकाला ठाऊक असलेली गोष्ट जगाला ठाऊक नसते. ती जगाची होते ती लिहिणाऱ्याच्या, जपणाऱ्याच्या आणि शोधणाऱ्याच्या हातांतून. आणि या तिघांतला एक जरी कंटाळला, तरी ती पुन्हा एकाचीच होऊन त्याच्याबरोबर संपते. तालुक्याच्या वाचनालयात बसून कासवांची जुनी टाचणे उतरवून घेणारे पोर त्या तिघांतले एक आहे. दालदी किंवा खारवी वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे जाऊन, ‘काका, तुमच्या लहानपणी कासवे किती यायची?’ असे विचारून ते तारीख आणि नावासह वहीत लिहील, तर ते तिघेही होईल.

कासवीच्या दृष्टीची ती जुनी उपमा आता मला निराळी वाटू लागली आहे. आईची नजर पिलांपर्यंत पोहोचत नाही, हे कळून चुकले. वाळूतून बाहेर पडणारे पोटचे पोर तिला कधी दिसतच नाही. तेव्हा दुरून पाहून पोसण्याचे काम उरले आहे, ते जाणत्यांकडे. आणि जाणता कोण, तर ज्याने पाहिले आणि पुढच्याला दाखवले तो.